पुढे बसणारा माणूस

वाफेच्या इतिहासात दोनच नावे कायमची राहणार, असे बाबल्या पाष्टे याचे मत होते. एक, ज्या साहेबाने आगीचे इंजिन शोधून काढले त्याचे. दुसरे, बाबल्याचा थोरला भाऊ विठू पाष्टे याचे. साहेबाचे नाव बाबल्याला आठवत नसे, त्यामुळे व्यवहारात एकच उरले होते.

हे मत तो तेवीस वर्षे मांडत आला होता. हातखंब्याच्या तिठ्यावर मोटारीची वाट बघणाऱ्यांपुढे, देवळात प्रसादासाठी थांबलेल्यांपुढे, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेल्यांपुढे. म्हणजे ज्यांना उठून जाता येत नाही अशा सर्वांपुढे. त्यात चूक म्हणावी तर एकच होती. विठूने इंजिन कधी चालवलेले नव्हते.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. सन १९११ च्या हिवाळ्यात बाबल्या भावाला भेटायला निघाला. रत्नागिरी बंदरातून आगबोटीने मुंबई, तिथून मोठ्या रेल्वेने घाटावर. तिथल्या एका जंक्शनाच्या कोपऱ्यात सोनगिरीच्या डोंगरावर चढणारी छोटी गाडी उभी होती. रुळांमधले अंतर दोन फूट, म्हणजे पाष्ट्यांच्या बैलगाडीच्या चाकोरीहून कमी. इंजिन जर्मनीहून पेटाऱ्यांतून सुटे आलेले आणि इथे जोडलेले, बुटके, हिरवे, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखे एका जागी उसासे टाकणारे. आणि त्या इंजिनाच्या अगदी पुढे, चाकांच्या वरच्या फळीवर, पाय खाली सोडून बाबल्याचा दादा बसला होता. मागे खोपीत एक दाढीवाला काही दांडे ओढत होता, दुसरा कोळसा टाकत होता.

बाबल्याने तोवर जन्मात जी जी वाहने पाहिली होती त्यांत पुढे बसतो तो हाकतो, आणि मागे माणसे तरी असतात किंवा गवताचे भारे. गावी येऊन त्याने जे पाहिले तेच सांगितले: "आमचा दादा फुडं बसून गाडी हाकतो. मागं दोन गडी ठेवलेत, ते आग घालतात."

पुढच्या शिमग्याला विठू रजेवर आला तेव्हा वाडीने त्याला ढोल वाजवत तिठ्यावरून घरी आणले. ढोल वाजत असताना खुलासा करता येत नाही. ढोल थांबले तेव्हा पाने मांडली होती, आणि जेवताना असले विषय कोणी काढत नाही. मग रजा संपली.

विठूचे खरे काम वाळू टाकण्याचे होते. दवाने किंवा झडलेल्या पाल्याने रूळ निसरडे झाले, की चढणीवर इंजिनाची चाके जागच्या जागी फिरत. म्हणून पुढच्या फळीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन गडी बसवत. मांडीशी वाळूची टोपली. चाक घसरू लागले की रुळावर वाळूची बारीक धार सोडायची. विठू वीस वर्षांहून जास्त काळ उजवीकडे होता. एकतीस साली इंजिनाच्या पाठीवर वाळूची लोखंडी पेटी बसली, तिच्यातून चाकापर्यंत नळी गेली, आणि विठू घरी आला. आल्या आल्या त्याने बाबल्याला सगळे सांगून टाकले. बाबल्याने शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात सांगू लागला.

अशी तीन वर्षे गेली, आणि वैशाखातल्या एका शुक्रवारी पत्र आले.

बाबल्याने ते मोठ्याने वाचले, कारण मनात वाचण्याइतके त्याचे शिक्षण झाले नव्हते. पत्र गुहागराकडच्या रामा धनावडे याचे होते. मुलगा शिवा सोनगिरीच्या लाईनीवर आगवाला आहे, म्हणजे इंजिनात कोळसा घालतो. डायवरांच्या घरातली सून करावी असा मानस आहे. तरी रविवारी आपल्या नातीला, चि. चिमाला, बघायला येत आहोत. सोबत लाईनीवरचे जुने स्नेही सुलेमान मियां, राहणार नाटे, हेही येतील. ते नोकरीतून मोकळे होऊन गावी चालले आहेत.

"सुलेमान कोन?" बाबल्याने विचारले.

"मागं दाढीवाला होता ना, तू बघितलास तो," विठू म्हणाला.

"दांडे ओढनारा गडी?"

"तो डायवर."

बाबल्याने पत्राची घडी पूर्वीच्याच खुणांवरून परत घातली, जणू ते अजून आलेच नव्हते.

"मी सांगनार त्यांना," विठू म्हणाला.

"काय?"

"मी वाळू टाकत होतो म्हनून."

"दादा, तेवीस वर्सं थांबलास ना? आनखी येक म्हयना थांब. लगीन होऊ दे."

"लगीन झाल्यावर चिमा लायनीवरच्या चाळीत ऱ्हायला जानार. तितं पन्नास बायका. येकीनं विचारलान तुजा आजा कोन, तर ती काय सांगंल?"

"डायवर म्हनून सांगंल."

"आनि मंग त्या हसतील."

बाबल्याने यावर विचार केला. "रेल्वेतली मान्सं जरा बऱ्यापैकी असतात. तोंडावर हसायच्या नायत."

चिमाची आई मालन दाराशी उभी होती. तिचा नवरा रघू मुंबईला गिरणीत होता, त्याला रजा मिळाली नव्हती. त्यामुळे आज तिला दोघांच्या वाटचे ऐकावे लागत होते. "मामंजी, म्हंजे तुमी डायवर नव्हता?"

"नाय गो."

 गावात तेवीस वर्षे उभे असलेले डायवरकीचे घर मालनने मनातल्या मनात खाली उतरवले आणि त्याच्या वाशांकडे बघितले. मग म्हणाली, "तर आधीच सांगा. मागनं कळलं तर माजी पोर जन्मभर बोलनी खाईल."

"कोनी काय सांगायचं नाय," आतून आवाज आला. विठूची बायको गंगुबाई. ती सूप हातात घेऊनच बाहेर आली. "भावोजी म्हंतात तेच बरोबर."

बाबल्यालाच धक्का बसला. वहिनीने त्याची बाजू घेतल्याचा हा पहिला प्रसंग होता.

"म्हंजे तुला ठाव हाय?" विठूने विचारले.

"पैल्या शिमग्यापासनं. तुमची धोतरं कोन धुतंय? डायवराच्या धोतरातनं कोळसा निघंल. तुमच्यातनं दर रजंला मूठभर वाळू निघाली."

"मंग कंदी बोल्लीस नाय."

"तुमी बोल्लात नाय, मी कशाला बोलू?"

गंगुबाई परत आत गेली आणि तांदूळ पाखडू लागली. तिचा हिशेब तिला स्वच्छ कळत होता. वाडीत तिला 'डायवरीण' म्हणत. विहिरीवर तिची कळशी पहिली भरे. हळदीकुंकवाला तिच्यासाठी पाट मांडलेला असे, बाकीच्या सारवलेल्या भुईवर. नवरा वीसबावीस वर्षे डोंगरावर राहिला, वर्षातून पंधरा दिवस घरी आला. त्याच्या बदल्यात मिळाला होता तो हा एक पाट. तो कोणी ओढून घ्यावा अशी तिची इच्छा नव्हती, आणि ती इच्छा फार मोठी आहे असे तिला वाटतही नव्हते.

घरात दोघे इकडे आणि दोघे तिकडे झाले. चिमाला विचारण्याची पद्धत नव्हती.

चिमा मात्र विचारण्याची वाट बघणाऱ्यांतली नव्हती. शनिवारी सकाळी मागच्या पडवीत आजीबरोबर कुळीथ निवडताना ती सहज म्हणाली, "आजी, आजा आगीजवळ बसायचा नाय ना?"

"कोनी सांगितलान?"

"कोनी नाय. लोहाराच्या हातावर डाग हायत. भाकऱ्या भाजून तुज्या हातावर हायत. आजा येवढी वर्सं इंजिनात बसला आनि त्याच्या हातावर येक डाग नाय. मी ल्हान असताना मला वाटायचं, इंजिन थंड असतंय."

गंगुबाईने एक खडा वेचून लांब टाकला.

"पन त्याचा अंगठा बघ," चिमा म्हणाली. "आनि ही दोन बोटं. गुळगुळीत झालेत, जात्याच्या खुंट्यासारखे. बोटांनी करायचं कायतरी काम होतं त्याचं."

"वाळू टाकायचा रुळावर."

"बस?"

"बस."

चिमाला हसू आले नाही की रडू आले नाही. नवीन पातळाचा रंग बघावा तशी तिने ती गोष्ट बघितली. "मंग उद्या सांगतील ना त्यांना?"

"मी नको बोल्ले. तुजं लगीन होऊन जाऊ दे."

"आजी, मी तितं जाऊन तोंड मिटून बसू? कोनी आजाचं नाव काढलान की ऊठ, चुलीकडं जा, कोनी इंजिनाचं नाव काढलान की ऊठ, गोठ्यात जा? मला बोलायला आवडतं गो. तुला ठाव हाय."

गंगुबाईला ते ठाऊक होते. सगळ्या वाडीला होते. ही पोर पन्नास बायकांच्या चाळीत गप्प बसलेली तिने डोळ्यांपुढे आणून बघितली. तसे चित्र उभेच राहीना. तिला एकाएकी हसू फुटले, आणि त्या हसण्यात कुठेतरी तिने हळदीकुंकवाचा पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला. बाबल्याला मात्र तिने हे कळवले नाही. भावोजींना एक दिवस तरी वहिनीचा आधार वाटू दे, असे तिला वाटले.

रविवारी मंडळी उन्हे कलल्यावर आली. रामा धनावडे काळजीपूर्वक पावले टाकणारा, बोलण्याआधी थांबणारा माणूस होता. शिवा उंच, खांद्यात रुंद; त्याच्या दोन्ही कोपरांखाली ठिणग्यांचे बारीक डाग होते, ते चिमाने दाराच्या फटीतून मोजायला घेतले. तिसरा सुलेमान. दाढी आता पांढरी, डोक्यावर लाल गोंड्याची टोपी, हातात नातवंडांसाठी घेतलेला खाऊचा डबा.

"विठू," तो म्हणाला.

"सुलेमान," विठू म्हणाला.

दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि तसेच उभे राहिले. खळ्याच्या कडेला वाडीतली दहाबारा माणसे गुळपाण्याच्या निमित्ताने जमली होती. त्यांच्या मते दोन डायवर भेटत होते, आणि ते दृश्य रत्नागिरी तालुक्यात वारंवार दिसत नाही.

"आपलं तीन नंबरचं इंजिन कसं हाय?" विठूने विचारले.

"मोडीत काढलं. त्याचं धुराडं साहेबानं बंगल्यात नेलान. फुलं लावनार म्हनं."

"लढाईत त्यानंच दगा दिला नाय."

"व्हय तर." सुलेमान रामाकडे वळला. "इंजिन जर्मन, साहेब इंग्रज. चौदा साली लढाई लागली आनि सुटे भाग यायचे बंद. साहेब रोज सकाळी इंजिनाकडं दुष्मनाकडं बघावं तसा बघायचा आनि मंग त्यातच बसून डोंगर चढायचा."

रामा सावकाश हसला. बाबल्या हसला नाही. त्याने गुळाचा खडा तोंडात टाकून, 'जरा फणस दाखवतो' असे सांगून सुलेमानला घरामागे नेले. फणस खरोखरच होते, पण बाबल्याने वर पाहिलेच नाही.

"मियां, तुमाला येक सांगायचं होतं."

"सांगा."

"आमच्याकडं दादाला डायवर म्हंतात."

"ठाव हाय."

"तर तुमी तसंच म्हनावं."

सुलेमानने फणसाच्या बुंध्याला पाठ टेकली. "म्हनतो. पन मंग मी कोन होतो?"

बाबल्याने हा मुद्दा रात्रभर घोळवला होता. "तुमीसुद्धा डायवर. दादा फुडचा, तुमी मागचे."

"आनि गाडी कोन चालवत होता?"

"दोघं मिळून."

सुलेमानने त्याच्याकडे निरखून पाहिले. खिल्ली उडवतो आहे का, हे त्याला बघायचे होते. बाबल्याच्या चेहऱ्यावर खिल्ली नव्हती. सुलेमानच्या मनात आले, याने भाऊ पुढे बसलेला पाहिला, आणि त्या एका क्षणाला हा तेवीस वर्षे जपत बसला आहे.

"बाबलभाय, खोटं कसं बोलायचं ते मला शिकवू नका," तो म्हणाला. "नाट्यात मी तीस वर्सं आगबोटीवर हाय."

"म्हंजे?"

"आमचं सगळं घरानं दर्यावरचं. बापूस तांडेल, भाव जेद्द्याला हाजी नेनाऱ्या बोटीवर. मी मुंबईला बोटीवर चढलो आनि मला बोट लागली. तीन दिस आडवा. उतरवलानी. नाट्याचा मानूस आनि त्याला बोट लागते, हे सांगू कुनाला? रेल्वेत गेलो. घरी कळवलं, बोटीवरच हाय. रजंला आलो की विचारतात, कुठली कुठली बंदरं बघितलास? मी सांगतो."

"काय सांगता?"

"टेसनांची नावं सांगतो. नाट्यात कोनाला ठाव?"

आजवर इतक्या बरोबरीच्या माणसाशी बोलल्याचे बाबल्याला आठवेना. "घरी कोनाला..."

"माज्या बायकोला, जन्नतला, ठाव हाय. तिच्यापासनं काय लपतंय? मी परत आलो की कापडाला खाऱ्या पान्याचा वास येत नसायचा."

परत ओटीवर येताना बाबल्याची छाती पुढे होती. सुलेमानने वचन दिले नव्हते, पण नकारही दिला नव्हता. गंगुबाई आपल्याकडे आहे. राहता राहिला दादा, आणि दादा मुळात बोलका नव्हता.

ओटीवर घावणे झाले, चहा झाला. चिमा चहा देऊन गेली. कप ठेवताना तिने मान खाली घातली, पण डोळे नाही; उरलेले डाग तिने तेवढ्यात मोजून घेतले. शिवाने तिला पाहिले, मग कपाकडे पाहिले, मग कप उचलायचा विसरला. मालनने हे दारामागून टिपले आणि पदर नीट केला.

रामाने अडकित्ता काढला, सुपारी कातरली, आणि कातरलेली सुपारी तळहातावर तशीच धरून बोलायला सुरुवात केली.

"डायवरदादा, मुलगी बरी वाटली. घर बरं वाटलं. माजं येकच हाय. शिवा आगवाला हाय, तो तुमच्यासारखा डायवर व्हावा. तुमी साहेबाला दोन अक्षरं लिवलात तर काम व्हईल. येवढ्यासाठी मी लांबनं आलो."

"लिवतील की," बाबल्या म्हणाला. "दादाचं अक्षर..."

"भावोजी," दारातून गंगुबाई म्हणाली, "जरा गप ऱ्हावा. त्यांना बोलू द्या."

बाबल्याने वळून पाहिले. वहिनी मालनच्या शेजारी उभी होती. म्हणजे आता एक विरुद्ध सगळे.

विठूने हातातला कप खाली ठेवला. "रामभाव, माजं लिवलेलं चालनार नाय. मी डायवर नव्हतो."

खळ्याच्या कडेला बसलेल्या माणसांतला एक जण विडी पेटवत होता, त्याची काडी जळत बोटापर्यंत आली.

"सुलेमान डायवर होता. मी फुडं बसून रुळावर वाळू टाकत होतो. बाबल्यानं मला फुडं बघितलान आनि त्याला तसं वाटलं. मी सांगायला पायजे होतं. सांगितलं नाय. आज सांगतोय, कारन चिमा त्या लायनीवर जानार असंल तर खरं सांगून जाऊ दे, आनि जानार नसंल तर तेसुद्धा आजच कळू दे."

रामाने सुपारी तोंडात टाकली नाही. पाष्ट्यांच्या घरात त्या वेळी सर्वांनी त्याच्या तळहाताकडे बघितले.

"वाळू," रामा म्हणाला.

"व्हय."

"कशाला?"

विठूने मान वर केली. या प्रश्नाची त्याला सवय नव्हती. इंजिन किती वेगाने जाते, शिट्टी किती लांब ऐकू येते, साहेब हात मिळवतो का, हे सगळे त्याला तेवीस वर्षे विचारले गेले होते आणि तो 'असतं काय तरी' म्हणून सुटला होता. वाळू कशाला, हे कोणी विचारले नव्हते.

"चाक घसरतं म्हनून," तो म्हणाला. मग थांबला, आणि रामा अजून बघतो आहे असे दिसल्यावर पुढे बोलला. "लोखंडावर लोखंड. दव पडलं की धरत नाय. वाळू टाकली की धरतं. पन जास्त टाकली तर मागच्या डब्यांची चाकं जड व्हतात, इंजिन धापा टाकतं. कमी टाकली तर गाडी मागं येते. चिमटीतनं सुटली पायजे, मुठीतनं नाय. आनि चाक घसरायच्या आधी सुटली पायजे. घसरल्यावर टाकून काय उपेग? तवा कान मागं ठेवायचा. घसरायच्या आधी इंजिन येक श्वास चुकवतं."

"कुठली वाळू?"

"नदीची. चाळून, लोखंडी पत्र्यावर भाजून. ओली वाळू चिकटते. साहेब म्हनाला, तुझ्या रत्नागिरीला येवढा समुद्र हाय, तितली आन. आनली भाट्याच्या किनाऱ्यावरची दोन पोती. मीठ असतंय तिच्यात, हवेतलं पानी वढून घेतंय. चौथ्या वळनावर गाडी मागं सरकली आनि उतारूंनी उतरून ढकलली. साहेबानंसुद्धा ढकललान. त्या दिसापासनं रत्नागिरीचं नाव त्यानं काढलान नाय."

सुलेमान खांद्यांतून हलत हसत होता. "टोपी पडली त्याची."

"पडली," विठू म्हणाला. तो पाव तास बोलला. कुठल्या वळणावर सकाळी सावली असते, जांभळाचा पाला साचला की काय करायचे, डावीकडचा गडी तापाने आजारी पडला तेव्हा दोन्ही हातांनी दोन रूळ कसे सांभाळले. गंगुबाई दारात उभी राहून ऐकत होती. धोतरातून पडणाऱ्या वाळूला इतके काही म्हणायचे असेल, हे तिला प्रथमच कळत होते. आपणही कधी विचारले नाही, असे तिच्या मनात आले.

रामाने मुलाकडे पाहिले. "तुला ठाव होतं?"

"लायनीवर सगळ्यांस ठाव हाय," शिवा म्हणाला.

"मंग मला सांगितलास नाय."

"डायवराची नात म्हनून तुमी खूश झालात. मोटारीत तेच बोलत होतात सगळ्यांना." शिवाने कप बाजूला सारला. "बाबा, आता पेटी हाय, नळी हाय. दवाच्या दिसात नळी तुंबते. मी उतरून हातानं टाकतो. सुलेमानचाचा मागनं वरडतात, विठूसारखी टाक. कशी ते कोनाला ठाव नाय. म्हटलं, घरचाच मानूस झाला तर विचारता येईल."

दाराच्या फटीत चिमाने ओठ दाबले.

"पत्रांचं सांगू काय?" सुलेमान म्हणाला. "बाबलभाय पत्र धाडायचे, वर लिवलेलं: विठोजी पाष्टे, इंजन डायवर. टेसनातला बाबू म्हनायचा डायवर म्हंजे सुलेमान, आनि द्यायचा माज्याकडं. वीस वर्सं ह्यांच्या भाताचं, गाईचं, पोरांच्या खोकल्याचं सगळं आधी मला कळायचं. मंग मी फुडं जाऊन पत्र ह्याच्या टोपलीत टाकायचो."

"आनि कंदी बोल्लास नाय," विठू म्हणाला.

"तू चढनीवर वाळू टाकत होतास. तुला हसवून मला मरायचं नव्हतं."

बाबल्या खांबाला टेकून बसला होता. आपला इतिहास डोळ्यांदेखत उतारू होऊन चालता झाला असे त्याला वाटत होते. पण तो हाडाचा इतिहासकार होता. "मियां," त्याने खोल आवाजात विचारले, "म्हंजे वाळू नसती तर गाडी चढली नसती?"

"नसती."

"तुमी कितीही दांडे वढलेत तरी?"

"तरी."

बाबल्याने खळ्याच्या कडेच्या मंडळींकडे एकवार पाहिले. त्या पाहण्यात, वाफेचा खरा इतिहास आता नव्याने सांगावा लागणार, आणि तो उद्या सकाळी तिठ्यावर सुरू होईल, एवढे स्पष्ट होते.

आता सगळ्यांचे लक्ष रामाकडे होते. त्याने सुपारी तोंडात टाकली. चावली.  मालनने सासूचा हात धरला होता, आणि तो कधी धरला हे दोघींनाही माहीत नव्हते.

"मुलगी मला पसंत हाय," तो अखेर म्हणाला. "पोरालाबी हाय, ते दिसतंच हाय. चहा अजून तसाच हाय त्याचा. डायवरकीचं त्याचं तो बघंल." त्याने अडकित्ता मिटला. "पन माजी येक मागनी हाय."

ओटीवरची माणसे नकळत ताठ बसली. विठूने गुडघ्यांवर हात ठेवले.

"बोला," तो म्हणाला.

"आमच्या घरामागनं पऱ्याच्या पान्याकडं उतरायला चिऱ्याच्या पायऱ्या हायत," रामा म्हणाला. "पावसात शेवाळ धरतंय. माजी म्हातारी आवस दोन वर्सांत तीनदा पडली. ती उतरायची थांबत नाय, आनि आमी टाकतो ती वाळू येका सरीत व्हावून जाते. तर दादा, मिरगाच्या आधी येक दिस तुमी या," त्याने हात जोडले, "आनि तेवढी वाळू टाकून द्या."